आप्पांचा होकार

धरणाकडचा बंगला, माजलगाव
८ जानेवारी २०२५

स्वप्नाली,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव. दिवाळीची सुट्टी संपवून मी कामावर आले तर तुझं टेबल मोकळं. बद्रीनाथ हॉल झाडता झाडता म्हणाला, "स्वप्नाली मॅडम नाशिकला गेल्या की. राजीनामा दिला. तुम्हाला माहीत न्हाई?" मला माहीत नव्हतं. एका डब्यात जेवणाऱ्या बाईची बातमी मला अशी कळली. मी फोन केले, तू उचलले नाहीस. मग मीही सोडून दिलं.

आज लिहितेय ते राग गेला म्हणून नाही. जे विचारायचंय ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला समजणार नाही, म्हणून लिहितेय. आणि फोन का करत नाही म्हणशील, तर माझा फोन फाटकावर वॉचमन शहादेवच्या ड्रॉवरमध्ये आहे. इथं आत येणाऱ्या प्रत्येकाचा फोन तिथंच राहतो.

मी आप्पांच्या बंगल्यावर आहे. दसऱ्यानंतर त्यांना लकवा झाला तेव्हा तू अजून इथंच होतीस. उजवी बाजू गेली, वाचा गेली, हे तुला ठाऊक आहे. तू गेल्यावर आपल्या पुनर्वसन विभागात रोग्यांना हात लावणारी मी एकटीच उरले. डिसेंबरच्या सुरुवातीला विजयसिंह स्वतः हॉलमध्ये आले. आप्पा आजारी पडल्यापासून ट्रस्टचा आणि दवाखान्याचा कारभार मुलगा म्हणून तेच बघतात. मी राधाकिशनला चालायच्या लोखंडी बारमध्ये उभं करत होते. ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, ट्रॉली उलटून पाठ गेलेला, तुला आठवत असेल. विजयसिंह त्याच्याकडं न बघता मला म्हणाले, "मॅडम, आप्पांना रोज दवाखान्यात आणणं बरं दिसत न्हाई. लोक बघतेत. तुमीच चार दिवस बंगल्यावर या."

ते चार दिवस अजून चालूच आहेत.

कुणी मला कोंडलेलं नाही. खोलीला आतून कडी आहे, बाहेरून नाही. स्वयंपाक करणाऱ्या छबुबाई माझ्याच खोलीत झोपतात, त्यामुळं अम्मीलाही बोलायला जागा उरलेली नाही. जेवण चांगलं मिळतं. पण रविवारी घरी जाते म्हटलं की गाडी कारखान्यावर गेलेली असते. पुढच्या रविवारी ड्रायव्हर सुट्टीवर. बंगल्याच्या तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला धरणाचं पाणी. डांबरी सडक दिसतसुद्धा नाही. दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी तेवढी ऐकू येतात, आणि कुठलं ट्रॅक्टर फुल्ल भरून चाललंय आणि कुठलं मोकळं, हे मला आता आवाजावरून कळायला लागलंय. एवढा वेळ आहे.

विभागात काय चाललंय ते मला बद्रीनाथच्या चिठ्ठीवरून कळतं. तो सकाळी हॉल उघडतो. शेकायचं मशीन लावून देतो. लोक आपले आपण बार धरून चालतात आणि जातात. राधाकिशन दोन आठवडे आला, मग यायचा बंद झाला.

छबुबाई बाजारला जातात तेव्हा हे पत्र टाकतील. तुझा दवाखान्याचा पत्ता बद्रीनाथनेच दिला. उत्तर पाठवायचं असेल तर अब्बांच्या फळांच्या दुकानावर पाठव. आप्पांची मोसंबी तिथूनच येतात.

काय विचारायचंय ते पुढच्या पत्रात लिहिते. आज धीर होत नाही.

कमरजहाँ


धरणाकडचा बंगला
१५ जानेवारी २०२५

स्वप्नाली,

काल संक्रांत झाली. सकाळपासून माणसं तिळगूळ द्यायला येत होती. आप्पांना पांढरं धोतर नेसवलं, फेटा बांधला आणि व्हरांड्यात खुर्चीत बसवलं. चाकाच्या नाही, सागवानी खुर्चीत. उजवा हात शालीखाली. शेजारी विजयसिंह. मला मागं दारात उभं केलं होतं, आप्पा कलले तर सावरायला.

लोक पाया पडायचे. विजयसिंह विचारायचे, "आप्पा, तब्येत बरी हाय ना?"

"हो," आप्पा म्हणायचे.

स्पष्ट. खणखणीत. माणसं खूश व्हायची. एक म्हातारे गृहस्थ तर रडायलाच लागले, "आप्पा बोलले, आमचे आप्पा बोलले," म्हणत. मग कुणीतरी, सांगून आणलेलं असावं, मोठ्यानं विचारलं, "आप्पा, आता समदा कारभार विजूदादांकडं द्यायचा ना?"

"हो."

टाळ्या पडल्या.

मी मागं उभी होते म्हणून मला आप्पांचा चेहरा दिसत नव्हता. डावा हात दिसत होता. तो शालीची किनार पकडून ओढत होता, सोडत होता, पुन्हा ओढत होता. आपल्या हॉलमध्ये एखाद्याला नको तो व्यायाम करायला लावला की तो गादीची कड अशीच धरतो.

त्यांना दुसरा एकही शब्द येत नाही. पाणी हवंय का? हो. उठायचंय का? हो. दुखतंय का? हो. सकाळी छबुबाई गूळ घातलेली दलियाची लापशी भरवतात आणि विचारतात, "आप्पा, गोड हाय ना?" हो. खांद्याला हात लावला की डोळ्यांत पाणी येतं आणि मी विचारते, "थांबू का?" हो म्हणतात. "चालू ठेवू का?" तरी हो. मग मी काय करायचं?

हेच विचारायचंय. त्यांना समजत नाही असं मला वाटत नाही. नजर लख्ख आहे. टीव्हीवर कारखान्याच्या भावाची बातमी आली की मान वळते. मग हा हो कुणाचा? माणसाचा हो खरा आहे की नुसता जिभेवर बसलाय, हे कसं ओळखायचं? मी हात, पाय, खांदे, मणके शिकले. बोलणं तू शिकलीस.

छबुबाई म्हणतात, "पोरी, मोठी माणसं हो म्हणतेत, आपुन ऐकायचं. तू कावून डोस्कं लावती?"

उत्तर दे. बाकी काही लिहू नकोस वाटलं तर.

कमर


धरणाकडचा बंगला
२४ जानेवारी २०२५

स्वप्नाली,

तुझं पत्र मोसंबीच्या पिशवीतून आलं. अब्बांनी वर पेरू रचून पाठवलं होतं. वाचून झाल्यावर मी त्याची दोनदा घडी घातली आणि ते पुन्हा उलगडलं, कारण मला वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचलं.

म्हणजे तुला आधी इथं आणलं होतं. माझ्या आधी. दिवाळीपूर्वी, याच व्हरांड्यात. आणि तुझ्याकडं फक्त एकच शब्द मागितला. तू लिहिलंस, "सगळ्यात सोपा शब्द मी काढून दिला. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला, लोकांना पाठवला. विजयसिंह म्हणाले, बास, एवढंच पुरे, आता पुढचं शिकवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधलं."

तर आप्पांचा हो तू शिकवलेला आहे.

आणि तू गेल्यावर त्यांची नजर माझ्यावर पडणार हे तुला कळलं नव्हतं, असं मी समजून चालू का? तू लिहितेस, "फोनवर तुझा आवाज ऐकायची हिंमत नव्हती." बरं. इथं बसून मला हिंमतीबद्दल फार बोलता येत नाही. पण एक ओळ तरी पाठवायचीस. 'बंगल्यावर जाऊ नकोस,' एवढी.

असो. तुझा उपाय करून बघितला, तो सांगते, कारण तो तुझा आहे.

तू लिहिलंस तसं आधी उलटा प्रश्न विचारला. सकाळी व्यायाम झाल्यावर, खोलीत छबुबाई आणि मीच होतो. मी म्हटलं, "आप्पा, तुमचं नाव छबुबाई हाय का?"

"हो," आप्पा म्हणाले. आणि लगेच त्यांचा चेहरा असा झाला, जणू आपलाच शब्द आपल्या कानांनी ऐकून लाज वाटली. छबुबाई पदर तोंडाला लावून हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

मग मी त्यांचा डावा हात हातात घेतला. म्हटलं, "आप्पा, तोंडाचं सोडा. तोंड तुमचं ऐकत न्हाई, हे मला कळलंय. हात ऐकतो. हो असलं तर मूठ. न्हाई असलं तर पंजा उघडा." मूठ करून दाखवली, उघडून दाखवली. तू सांगितलंस तसं बोलणं थोडं आणि करून दाखवणं जास्त.

पहिले दोन दिवस सगळी गडबड झाली. मूठ करायचे आणि सोडायचीच विसरायचे. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं, "तुमचं नाव छबुबाई?" तोंड म्हणालं हो. हात गादीवरून हळूच उचलला गेला आणि बोटं एकेक करून उघडली. अंगठा सगळ्यात शेवटी.

"तुमचं नाव आप्पाराव?" मूठ.

छबुबाईंनी पुढं होऊन विचारलं, "आप्पा, लापशी गोड लागती ना?" त्यांच्या आवाजात भरवसा होता. पंजा उघडला. छबुबाईंचा चेहरा पडला. "अवो, दसऱ्यापास्नं खातेत की मग," त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं भाकरी, दूध आणि ठेचा घेऊन आल्या. ठेचा मी त्यांना लावू दिला नाही. पण भाकरी आप्पांनी अशी खाल्ली, की आम्ही दोघी बघत राहिलो.

आता रोज विचारतो. खांदा दुखतोय? थांबू? खिडकी उघडू? छबुबाई म्हणतात, "साहेबांनी पंजा बघितला तर म्हणतील आप्पांनी पार्टी बदलली." त्यांनी हे कुणाला सांगितलेलं नाही. मीही नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. या घरात आप्पांकडं स्वतःचं असं हे एवढंच आहे.

कमर


धरणाकडचा बंगला
२ फेब्रुवारी २०२५

स्वप्नाली,

काल विजयसिंहांनी मला ऑफिसच्या खोलीत बोलावलं. चहा दिला. माणूस वाईट बोलत नाही, हेच अवघड होतं.

पुढच्या रविवारी ट्रस्टी मंडळाची बैठक बंगल्यावरच आहे. दोन गोष्टी ठरायच्या आहेत. एक, अध्यक्षपद आप्पांकडून विजयसिंहांकडं. दुसरी, आपला हॉल. तो रस्त्याच्या बाजूला आहे, त्यामुळं बीडच्या एका मोठ्या तपासणी केंद्रवाल्याला तो हवाय. हॉल त्याला दिला की पुनर्वसन विभाग बंद. मशीनं गोदामात जातील. बद्रीनाथला दुसऱ्या वॉर्डात घेतील. "आणि तुमी हितंच हाय की, आप्पांसाठी," ते मला म्हणाले, जणू बढतीच देत होते.

मी म्हटलं, "साहेब, तिथं रोज माणसं येतात. गावातून, धारूरहून, पाथरीकडून. दुसरीकडं कुठं जातील?"

"येत होती, मॅडम," ते म्हणाले. "आता कुठं येतेत? मीबी आकडे बघतो."

येत नाहीत, कारण मी इथं आहे.

"आप्पा लोकांसमोर हो म्हणतील," ते म्हणाले. "पण भारत गुरुजी हायेत ना, जुने ट्रस्टी, त्यांना शंका हाय. म्हणतेत आप्पाला कळतं की न्हाई कोण जाणे. तर तुमी तिथं उभं राहून एवढंच सांगायचं. आप्पांना समदं कळतं. त्यांचा हो म्हणजे हो."

यातलं अर्धं खरं आहे.

मग ते खिडकीकडं बघत म्हणाले, "तुमच्या वडलांचं, ख्वाजाभाईंचं दुकान बरं चाललंय ना? दवाखान्याच्या भिंतीला लागून हाय, गिऱ्हाईक बक्कळ. आप्पांनीच जागा दिलती त्यांना. चांगला माणूस." बास, एवढंच. आवाज चढवला नाही. चहा गार होईल म्हणाले.

मी अब्बांना चिठ्ठी पाठवली. सगळं लिहिलं नाही, थोडं लिहिलं. त्यांनी पिशवीतून उत्तर पाठवलं, दोन ओळी. "फळं हातगाडीवरही विकता येतात, आणि मी आधी हातगाडीच ढकलायचो." त्यांचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे, स्वप्नाली. मीच शेकते ते.

तू असतीस तर काय केलं असतंस, हे मी विचारत नाही. तू काय केलंस ते मला माहीत आहे. हे टोचायला लिहिलं नाही. खरंच, परवा दुपारी मी बॅग भरली होती. फाटकापर्यंत गेलेसुद्धा. शहादेव उठून उभा राहिला, म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सोडलं तर माझं काय, ते तुमाला माहीत हाय." त्याला दोन मुली आहेत. मी परत आले. या बंगल्यात जो तो दुसऱ्याच्या पायात अडकलाय.

आज सकाळी दार लोटून घेतलं आणि आप्पांना विचारलं. "दवाखान्यातला व्यायामाचा हॉल बंद करून भाड्यानं द्यायचाय?" तोंडानं हो. पंजा लगेच, एका झटक्यात उघडला, बोटं ताठ. त्यांचा धाकटा भाऊ ट्रॉलीखाली सापडून अंथरुणाला खिळला आणि तसाच गेला, त्यानंतर त्यांनी तो हॉल बांधला. हे छबुबाईंनी नंतर सांगितलं.

अध्यक्षपदाचं मी विचारलं नाही. तो बापलेकांतला मामला. मला त्यात पडायचं नव्हतं. आणि उत्तर ऐकायची भीतीही वाटली.

एवढंच विचारलं, "रविवारी सगळ्यांसमोर हातानं सांगाल का?"

मूठ झाली. पण लगेच नाही.

कमर


धरणाकडचा बंगला
११ फेब्रुवारी २०२५

स्वप्नाली,

बैठक झाली. क्रमानं सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

ट्रस्टी दिवाणखान्यात बसले. आप्पांना मध्ये, त्याच सागवानी खुर्चीत. विजयसिंहांनी उभं राहून दोन्ही ठराव वाचले आणि मग वडिलांसमोर गुडघ्यावर बसले. "आप्पा, अध्यक्षपद माझ्याकडं द्यायचं ना?"

"हो."

"आणि दवाखान्याचा हॉल भाड्यानं द्यायचा ना?"

"हो."

"बघा," कुणीतरी म्हणालं.

भारत गुरुजी काठी धरून बसले होते. ते म्हणाले, "विजू, मला डॉक्टरीणबाईला विचारू दे." मी डॉक्टर नाही हे मी त्यांना सांगणार होते, पण राहून गेलं. विजयसिंह माझ्याकडं बघत होते. हसत नव्हते, रागावलेलेही नव्हते. वाट बघत होते.

मी म्हटलं, "आप्पांना सगळं कळतं." तिथपर्यंत त्यांना हवं होतं तेच मी बोलले. मग म्हटलं, "पण त्यांच्या तोंडातला हो त्यांच्या ताब्यात नाही. लकव्यात असं होतं. हात ताब्यात आहे. तुम्ही स्वतः बघा."

मी शालीखालून त्यांचा डावा हात बाहेर काढून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि मूठ-पंजाचं सांगितलं. विचारलं, "आप्पा, तुमचं नाव छबुबाई हाय का?"

"हो," आप्पा म्हणाले. एकजण फिदीफिदी हसला. तेवढ्यात पंजा उघडला. हसणं थांबलं. स्वयंपाकघराच्या दारात छबुबाई उभ्या होत्या, त्या खाली बघायला लागल्या.

भारत गुरुजींनी आपली खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, "आता मी विचारतो. पोरी, तू मागं हो." बरोबर केलं त्यांनी. मी खुणा करते असं कुणी म्हणायला नको. ते विचारत गेले. मी तुमचा शाळेतला मास्तर का? पंजा. आपण एका वर्गात होतो का? मूठ. तुमचं लग्न बीडला झालं का? पंजा. परळीला? मूठ. गुरुजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आप्पा, हॉल भाड्यानं द्यायचा?"

पंजा.

"तिथं हाय तेच चालू ठेवायचं?"

मूठ.

विजयसिंह अजून गुडघ्यावरच होते. गुरुजी म्हणाले, "आता दुसरं. अध्यक्षपद विजूकडं द्यायचं?"

मला वाटलं होतं पंजा उघडणार. खोलीतल्या सगळ्यांनाच वाटलं असावं. विजयसिंह वडिलांच्या हाताकडं बघत नव्हते, फरशीकडं बघत होते. एवढा मोठा माणूस, आणि मान अशी खाली घातली होती, जशी बापाची थप्पड बसणार हे ठरलंच आहे.

आप्पांनी मूठ वळली. घट्ट, आणि तशीच ठेवली. गुरुजींनी उलटा प्रश्न विचारला, "विजूकडं नको?" मूठ सुटली, पंजा उघडला, आणि तोच पंजा पुढं होऊन विजयसिंहांच्या डोक्यावर टेकला. किंवा पडला. पडून राहून चांगल्या हातातही उचलून धरायची ताकद उरलेली नाही, त्यामुळं मी नक्की सांगू शकत नाही.

विजयसिंह उठून बाहेर गेले. नळ चालू झाल्याचा आवाज आला, बराच वेळ.

ठराव एक मंजूर. ठराव दोन पुढं ढकलला. चहा झाला, माणसं गेली. मला वाटलं, आता माझीही सुटका. संध्याकाळी विजयसिंह आले. डोळे लाल होते. म्हणाले, "मॅडम, तुमी केलं ते बरं केलं. मला राग न्हाई." खरंच नसावा. "पण आता ही हाताची भाषा तुमालाच येती. आप्पांजवळ तुमीच पायजे. आता तर कायमच्या."

कमर


माजलगाव, आमचं घर
२ मार्च २०२५

स्वप्नाली,

आज पहिला रोजा. अम्मी आत निजलीय, अब्बा दुकानावर आहेत. दुकान अजून आहे त्याच जागी आहे. कुणी काही बोललेलं नाही. अब्बा मात्र माल थोडा थोडा आणतात, जागा सोडायची वेळ आली तर उचलायला सोपं जावं म्हणून.

मी बंगला सोडला. कसा, ते तुला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

बैठकीनंतर आप्पा बदलले. न्हाई म्हणता येतं हे एकदा कळल्यावर ते सगळ्याला न्हाई म्हणायला लागले. गोळीला पंजा, अंघोळीला पंजा, भेटायला आलेल्या आमदाराला पंजा. विजयसिंह खोलीत आले की काही विचारायच्या आतच पंजा. तीन-चार महिन्यांचं साचलेलं होतं, दुसरं काय. फक्त माझं आणि छबुबाईंचं ऐकायचे. त्यामुळं मला पाणी प्यायला बाहेर जायचीही चोरी झाली. "मॅडम, विचारा ना त्यांना." "मॅडम, काय म्हणतेत?" मी त्यांची जीभ झाले. जिभेला रविवारची सुट्टी कोण देतं?

एक दिवस बद्रीनाथची चिठ्ठी आली. राधाकिशनच्या पाठीला जखम झालीय. पडून पडून होते तशी, हाडापर्यंत. बारमध्ये उभा राहत होता तो माणूस.

मी आप्पांसमोर बसले. म्हटलं, "आप्पा, तुमचा हॉल बंद पडला नाही, पण तिथं कुणी नाही. मला तिकडं जायला पाहिजे. छबुबाईंना तुमचा हात वाचता येतो. खांद्याचा व्यायाम मी त्यांना शिकवलाय. मी जाऊ का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हात उचलला आणि पंजा उघडला. पूर्ण. चुकीचं समजायला मला काही वावच ठेवला नाही.

तोंड मात्र म्हणालं, "हो."

मी म्हटलं, "बरं आप्पा. हो म्हणालात." आणि उठले.

त्या दिवाणखान्यात सगळ्यांना सांगणारी मीच होते, की हा हो त्यांचा नाही. माझ्या सोयीचा होता तेव्हा मी तोच घेतला. बॅग उचलताना छबुबाई दारात होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जा. मी हाय." फाटकावर शहादेव या वेळी उठला नाही. ड्रॉवर उघडून फोन टेबलावर ठेवला आणि दुसरीकडं बघत बसला. नव्या अध्यक्षांनी त्याला काही सांगितलं होतं की त्यानं आपल्या मनानं केलं, मला माहीत नाही. उसामधून चालत सडकेला आले आणि एका टेम्पोनं माजलगावात.

दोनदा गाडी आली माझ्यासाठी. मी नाही गेले. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा दाराकडं बघतेत." मी ओट्यावर उभी होते. आत गेले, कडी लावली. ते ऐकल्यापासून रात्रीची झोप उडालीय. बाकी काही लिहीत नाही त्याबद्दल.

आता विभागाच्या बातम्या. हॉल उघडा आहे. पहिल्या दिवशी चारच माणसं आली, मग बद्रीनाथनं बसस्टँडवरच्या रिक्षावाल्यांना सांगून ठेवलं, आता गर्दी होते. राधाकिशनची जखम भरायला वेळ लागेल, पण त्याला घरून उचलून आणतात आणि मी त्याला पालथा झोपवून हातांचा व्यायाम देते. उभं राहायचं नाव काढत नाही तो. तुझं टेबल बद्रीनाथनं पुसून ठेवलंय. तुझ्या जागेची जाहिरात अजून निघालेली नाही. हे बोलावणं नाही, नुसती बातमी आहे. तू ती तशीच घे.

शुक्रवारी दुपारी विजयसिंह हॉलमध्ये आले. एकटेच, गाडी लांब लावून. लोक उठायला लागले तर त्यांनी हातानं बसा म्हटलं आणि स्वतः बाकावर जागा शोधली. बराच वेळ बसून होते. मी राधाकिशनचं काम उरकलं आणि त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं, आता दुकानाचं निघणार.

"मला शिकवा," ते म्हणाले.

"काय?"

"ते मुठीचं. छबुबाईला सांगतेत, तुमाला सांगतेत. माझ्यापुढं नुसता पंजा. मी काय विचारलं तर त्यांना हो म्हणावंसं वाटंल, मला समजंना."

मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट विचारायची, उत्तराला वेळ द्यायचा, मग उलटा प्रश्न. त्यांनी शाळेतल्या पोरासारखं ऐकलं, स्वतःची मूठ वळून, उघडून बघितली.

"पहिला प्रश्न काय विचारू?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "ज्याचं उत्तर 'न्हाई' असं आलं तरी तुम्हाला चालेल, असा कुठलाही."

ते विचार करायला लागले. शेकायच्या मशीनची घंटी वाजली, बद्रीनाथनं एकाला उठवलं, दुसऱ्याला झोपवलं. मी दोन रोगी बघून परत आले, तरी ते तसेच बसले होते, कपाळाला आठ्या घालून, हात गुडघ्यावर.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "असा तर एकबी सापडंना, मॅडम."

कमर